कावळ्यापुढे दिलेला शब्द

सुलभा,

कावळा मिश्राजींच्या छत्रीला घाबरला होता. एवढं एक आधी सांगून टाकतो, कारण गेले पंधरा दिवस मी हे ज्याला त्याला सांगतोय आणि कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. तुझा भाऊ नाही, गुरुजी नाहीत, आणि जिला पटायला हवं ती तर नाहीच नाही. तू ऐकशील असंही नाही म्हणा. बावीस वर्षांत तू माझं पहिल्या झटक्यात कधी ऐकलंयस? पण आता तुला मध्येच उठून गॅस बंद करायला जाता येणार नाही, म्हणून बसतो आणि सांगतो.

लोक विचारतात, वहिनींना काय झालं होतं. मी सांगतो, दुपारी स्वयंपाकघरात डोक्यातली नस फुटली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तेवढ्यावर त्यांचं भागतं. पण तू गेलीस तेव्हा आपला अबोला चालू होता, त्याचा तो पाचवा दिवस होता, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. असं भांडण अर्धवट टाकून जातं का ग कोणी?

आपल्या घरातल्या अबोल्याचे नियम तुझेच. जेवण वेळेवर मिळणार, डबा भरला जाणार, शर्टाला इस्त्री होणार, फक्त तोंडातून शब्द नाही. काय सांगायचं ते इराच्या मार्फत. 'इरा, बाबांना विचार, भाजीत मीठ बरोबर आहे का.' मी समोरच बसलेलो. इरा पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, 'बाबा, आई पूछ रही हैं, नमक ठीक है?' मी म्हणायचो, 'सांग तिला, ठीक आहे.' 'आई, ठीक है बोल रहे हैं.' आपल्या पोरीला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत येतं, याचं तुला केवढं दुःख. पण आपल्या दोघांमधली दुभाषी म्हणून तिच्यासारखी तीच. तिखट असेल ते गाळून टाकायची. तू म्हणायचीस, 'बाबांना म्हणावं, डोकं आहे की खोकं?' माझ्यापर्यंत यायचं, 'आई थोड़ा नाराज़ हैं.'

जो आधी बोलेल तो हरला. मी बहुतेक वेळा हरलो आणि दर वेळी मला बरंच वाटलं. या खेपेला मात्र मी हट्टाला पेटलो होतो. कारण तू मला जे बोलली होतीस ते खरं होतं, आणि खरं बोललेलं मला कधी चटकन पचलेलं नाही.

भांडणाचं कारण दगड. परक्याला सांगितलं तर हसेल.

लखनऊला दगड नाही, हे मला तूच दाखवलंस. आपण इथे चिनहटला आलो त्या वर्षी शेजारी पाया खणत होते. पुरुषभर खोल गेले तरी माती, त्याखालीही मातीच. तू गॅलरीत उभी राहून बघत होतीस. 'अहो, इथे खाली काही नाहीच का?' म्हणालीस, आणि तुझा चेहरा असा झाला की जणू कोणी फसवून जमीन गळ्यात मारली. सिन्नरच्या पोरीला कुदळ मारली की खण्ण वाजायची सवय. मी कारखान्यात पुर्जे मोजणारा माणूस, खाली माती आहे की खडक याच्याशी मला काय देणंघेणं? मी म्हणालो, 'बरंय की, खणायला सोपं.' तू माझ्याकडे असं बघितलंस की मी आत जाऊन पेपर वाचायला बसलो.

मग इरा सहावीत असताना तुझ्याबरोबर सुट्टीत सिन्नरला गेली. दिलीपच्या मळ्यात विहिरीचं काम चालू होतं, तुझा भाऊ तेव्हा पाण्यासाठी जिवाचं रान करत होता. बाहेर काढून टाकलेल्या खडकाच्या ढिगात पोरीला ते सापडले, काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या सुयांचे झुबके. बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून घेऊन आली. मी कामावरून आलो तर टेबलावर सगळे मांडून बसलेली. 'बाबा, ये ज़मीन के अंदर अपने आप बना है. किसी ने बनाया नहीं.' मी एक उचलून बघितला. चोवीस वर्षं मी माणसांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढतोय. त्यात काही खोट काढायला जागा नव्हती. पण हे मी तिला तेव्हा बोललो नाही. 'हात धू आणि अभ्यासाला बस,' एवढंच म्हणालो.

बारावी झाली आणि दोन्हीकडे तिचं नाव लागलं. इथे आपल्या रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला, माझ्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर. आणि नाशिकला बी.एस्सी. भूगर्भशास्त्राला, होस्टेलसकट. दोन्ही फॉर्म तिने भरले होते, एक माझ्यासाठी, एक तुझ्यासाठी असं मी समजत होतो. तिच्यासाठी कोणता हे विचारायचं मला सुचलं नाही.

'भूगर्भशास्त्र शिकून पोरगी करणार काय? खडी फोडणार?' मी म्हणालो.

'विहिरीला पाणी लागेल का हे सांगणारी माणसं कोण असतात? पूल बांधायच्या आधी खालचा खडक कोण बघतं?'

'ते सरकारातले चार लोक असतील.'

'मग ही पाचवी.'

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. मी नोकऱ्यांची गोष्ट काढली, आमच्या कारखान्यातल्या मिश्राजींच्या मुलाचं उदाहरण दिलं, बंगळूरला कसा रुळलाय ते सांगितलं. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, 'अहो, शिक्षणही मानवावं लागतं. तुम्हाला म्हशीचं दूध मानवत नाही, म्हणून म्हैस वाईट का?'

'विषय म्हणजे काय दूध आहे?'

'दहावीत भूगोलाचा पेपर देऊन आली तेव्हा दारातूनच बोलायला लागली होती. चप्पल काढायचं भान नव्हतं. आणि यंदा कॉम्प्युटरचा पेपर देऊन आली, गुपचूप जेवली आणि झोपली. मार्क चांगलेच आहेत, नाही म्हणत नाही मी. पण तुम्ही क्वालिटीवाले ना? एवढं तुमच्या नजरेला कसं पडलं नाही?'

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. आणि वर तू विचारलंस, 'तुम्हाला तरी आवडतं का हो तुमचं काम?' संगमनेरला माझ्या काकांनी मेकॅनिकल डिप्लोमाचा फॉर्म भरून आणला, मी सही केली. आवडतं का हे कोणी विचारलं नव्हतं. वाईट काही गेलं नाही, ते मी कोणासमोरही म्हणेन. पण तुझ्या प्रश्नाला पटकन 'हो' आलं नाही माझ्या तोंडातून, आणि ते तू बघितलंस. म्हणून मी ओरडलो. म्हणालो, तुझ्या लाडाने पोरगी वाया जाणार, मला तिच्या भवितव्याची काळजी आहे.

तेव्हा तू ते वाक्य बोललीस. हात कणकेचे, आवाज अगदी शांत. 'भवितव्याची काळजी नाहीये तुम्हाला. तुमच्या संध्याकाळची आहे. ती दारात नसेल तर घरी कशाला यायचं, याची भीती वाटते तुम्हाला.'

बास. तिथून अबोला.

पाचव्या दिवशी सकाळी मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस. पदराला हात पुसत होतीस आणि काहीतरी बोलणार होतीस, अगदी तोंडाशी आलं होतं. मला दिसलं. आणि मला आनंद झाला, सुलभा. आज ही हरणार म्हणून आनंद झाला. मी तुझ्याकडे न बघता आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, 'इरा, आईला सांग, आज यायला उशीर होईल.' इरा आतून म्हणाली, 'आई, आज देर होगी.' आणि मी गेलो. तुला काय बोलायचं होतं? डबा विसरलो होतो मी, ओट्यावर तसाच होता, बहुतेक तेच असेल. मी स्वतःला रोज सांगतो की तेच असेल. त्या दिवशी दुपारी मिश्राजी मला शॉप फ्लोअरवरून हाताला धरून बाहेर घेऊन आले, तेव्हा मला वाटलं मशिनवर कोणाचा तरी हात अडकला.

आता दहाव्या दिवसाचं. मराठी मंडळाच्या ओळखीने कानपूरहून गुरुजी आले होते. गोमतीच्या काठावर आम्ही पाचजणं: गुरुजी, दिलीप, मी, इरा आणि मिश्राजी. ऊन असं की पायाखालची फरशी सोसवेना. मिश्राजींनी बिचाऱ्यांनी माझ्या डोक्यावर मोठी काळी छत्री धरली होती. पिंड मांडला, सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळे होते. झाडावर चांगले सात-आठ होते. एक खाली यायचा, दोन उड्या मारायचा, परत जायचा. अर्धा तास गेला. मिश्राजींना आपली ही पद्धत माहीत नव्हती, हळूच म्हणाले, 'भाई साहब, कौआ नहीं खा रहा तो गाय को खिला दें?' गुरुजी म्हणाले, 'त्यांचं काहीतरी मनात राहिलंय. जवळच्या कोणीतरी शब्द द्या.' आणि दिलीप माझ्या कानाला लागला. 'भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे ताईचं काय राहिलंय ते. पोरीला तिच्या मनासारखं शिकवीन म्हणा. एवढंच म्हणा, बघा कसा शिवतो.'

मी बोललो नाही.

का बोललो नाही, ते मला तुलाच सांगायचंय, दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. मला शब्द माहीत होते. पण मी बोललो असतो तर मी आधी बोललो असतो. कळतंय का तुला? तुझा पिंड समोर ठेवलेला आणि मी अजून अबोल्यात. शिवाय दिलीप बघतोय, गुरुजी बघतायत, आणि चार लोकांसमोर माझी चूक कबूल करायची. गुरुजींनी घड्याळ बघितलं, म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ.

तेवढ्यात इरा पुढे गेली. मुली तिथे पुढे जातात की नाही मला माहीत नाही, कोणी अडवलं नाही. पिंडासमोर हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा तुझ्याशी मराठीत बोलली. अडखळत बोलली, शब्द शोधत. 'आई, मी बाबांना सोडून कुठे जाणार नाही. मी इथेच शिकणार. तू काळजी नको करू.'

मिश्राजींना मराठी कितीसं कळलं कोण जाणे, पण त्यांना रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी छत्री मिटली. आणि कावळा खाली आला, थेट पिंडावर बसला, चोच मारली.

दिलीप मोठ्याने रडला. गुरुजी म्हणाले, 'पावली माउली.' इरा खाली बसली. मी एकटाच मिटलेल्या छत्रीकडे बघत उभा होतो.

त्या दिवसापासून आम्ही दोघं त्यात अडकून पडलो. नाशिकचं नाव काढलं की ती म्हणायची, 'आई को वही चाहिए था, बाबा. आपने देखा ना?' कारखान्यात सगळे माझी पाठ थोपटायचे, बिटिया कितनी समझदार है, बाप को नहीं छोड़ा. मंडळातल्या बायका येऊन तिला जवळ घ्यायच्या, गुणाची पोर म्हणायच्या. मी दिलीपला फोन केला. म्हटलं, तूच तिला समजाव, तुला तर ती नाशिकला हवी होती. तो म्हणाला, 'भाऊजी, आता शब्द मोडायचा नाही. ताईचा आत्मा परत अडकेल.' म्हणजे ज्याने माझ्या कानाशी लागून उलटा शब्द सुचवला, तोही फिरला. कर्म माझं! मला पाहिजे होतं तेच सगळं झालं होतं ग. पोरगी इथे, कॉम्प्युटर, दहा मिनिटांवर कॉलेज. रोज संध्याकाळी ती दार उघडायची. आणि मला माझ्याच घरात कोंडल्यासारखं व्हायचं.

कारण मी बघायला लागलो होतो. तू सांगितलेलं बघणं. ती त्या कॉम्प्युटरच्या कोर्सचे व्हिडिओ लावून बसायची, पुढची तयारी म्हणून. तास-तास बसायची, वहीत लिहून घ्यायची, सगळं बरोबर करायची. उठायची तेव्हा डोळे असे, की कोणाच्या तरी घरचं काम उरकून आली. तुझ्या जाण्याचं दुःख आहे, ते मला कळतं, मी काही इतका ठोंब्या नाही. पण गेल्या आठवड्यात बाजारातून येताना रस्त्याचं काम चालू होतं, कुठून तरी आणलेल्या खडीचा ढीग पडला होता. ती थांबली. वाकून एक खडा उचलला, अंगठ्याने पुसला, उन्हात धरला. चेहरा क्षणभर तू होतीस तेव्हासारखा झाला. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि खडा टाकून दिला. एखादी चोरी पकडली जावी तसा टाकला.

मग मी ठरवलं, सिद्ध करून दाखवायचं. हसू नकोस. रविवारी सकाळी मी भात शिजवला, थोडा करपला, पण भात. त्याचा गोळा करून गच्चीवर ठेवला आणि शेजाऱ्यांची काळी छत्री उघडून दहा पावलांवर उभा राहिलो. कावळे कठड्यावर येऊन बसले, खाली एकही नाही. वीस मिनिटं. छत्री मिटली, दोन मिनिटांत आले. परत उघडली, उडाले. तीनदा केलं. मग इराला हाक मारून वर बोलावलं आणि चौथ्यांदा तिच्यासमोर केलं. 'बघ,' म्हटलं, 'बघितलंस? छत्री! आईचं काही नव्हतं त्यात.'

तिने शांतपणे बघितलं. माझ्या हातातून छत्री घेतली, नीट गुंडाळली. 'बाबा,' म्हणाली, 'ये चावल है. वो आई थीं.'

कारखान्यात एवढ्या तपासणीवर मी अख्खी बॅच पास केली असती.

नाशिकला प्रवेश पक्का करायची मुदत बुधवारी पाचपर्यंत होती. आणि शुक्रवारी इथल्या कॉलेजात मूळ कागद जमा करायचे होते. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, ओरिजिनल मार्कशीट एकदा कॉलेजच्या कपाटात गेली की ती परत मिळवताना चपला झिजतात. म्हणजे बुधवार गेला की मार्ग संपला. मी अर्धी रजा टाकून दुपारी घरी आलो. ती फाईल लावत बसली होती, टीसी, मार्कशीट, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत. माझ्यासारखीच नीट. मी समोर बसलो.

'इरा, नाशिकचं पक्कं कर. अजून अडीच तास आहेत.'

'बाबा, फिर से वही?'

'मी चुकलो होतो. तुझी आई बरोबर होती. मी तिला हे सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. आता तुला सांगतोय.'

तिचे डोळे भरले. एक क्षण मला वाटलं, जमलं. पण तुझी पोर ती. 'आप मेरे लिए बोल रहे हैं,' म्हणाली. 'आई को पता था आप अकेले नहीं रह पाएँगे. इसीलिए तो... मैं हाँ बोली तभी वो गईं. अच्छा, आप एक बात बोल दीजिए. बोल दीजिए कि आपको मेरी ज़रूरत नहीं है. मैं अभी कन्फर्म कर दूँगी.'

'नाही गरज.'

ती रडता रडता हसली. 'आपको गैस का रेगुलेटर लगाना नहीं आता, बाबा. उस दिन भात कैसे जला था?'

'शिकेन मी.'

'झूठ आपसे होता नहीं है. रहने दीजिए.' आणि परत फाईल लावायला लागली.

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो, पाणी प्यायलो. अर्धा तास गेला. ती मान खाली घालून कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या करत होती. मला दिसत होतं की ही पोर आता चार वर्षं अशीच मान खाली घालून बसणार आहे, मग नोकरीत तीस वर्षं, आणि कधी कोणी विचारलं, तुला आवडतं का ग तुझं काम, तर माझ्यासारखीच गप्प होणार. आणि तिला दार उघडायला लावून मी आत येत राहणार.

मग मी बोललो. कसं सुचलं माहीत नाही. तिच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून बोललो.

'खरं सांगू? तू इथे असलीस की मला त्रास होतो. तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस. दार उघडतेस, मला ती दिसते. पाणी आणून देतेस, ती दिसते. रोज संध्याकाळी घरी यायच्या आधी मी कॉलनीच्या फाटकाशी थांबतो, आत यायची हिंमत होत नाही म्हणून. तू इथे राहिलीस तर मी यातून बाहेर येणार नाही. तू गेलीस तर मी बरा होईन. मला बरं होऊ दे, इरा.'

मी वळलो तेव्हा तिने हातातले कागद खाली ठेवले होते. चेहरा पांढरा. 'आपने पहले क्यों नहीं बताया?' अगदी बारीक आवाजात म्हणाली.

'कसं सांगणार?'

'अच्छा,' ती म्हणाली. 'ठीक है, बाबा. सॉरी.'

सॉरी म्हणाली ती मला. उठली, लॅपटॉप उघडला, आणि चारच्या आत नाशिकचं पक्कं करून टाकलं. तुझा भाऊ पुढच्या आठवड्यात तिला न्यायला येतोय. होस्टेलची खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. शब्द मोडला म्हणून ती रडली नाही. तिच्या हिशेबी तो मोडलेलाच नाही, बाबांना बरं करायचं हीच आईची इच्छा होती ना, मग लांब राहून करू. असं तिने दिलीपला फोनवर सांगितलं, मी ऐकलं. दिलीपलाही ते पटलं. आत्म्याचं काय ते त्यानेच जुळवून घेतलं.

जन्मात मला धड खोटं बोलता आलं नाही, हे तुझंच म्हणणं. शाळेतल्या रजेच्या चिठ्ठीपासून ते तुझ्या आईच्या लाडवांपर्यंत कुठलंच निभावलं नाही. आणि हे एक निभावलं. फाटकाशी मी थांबतो ते खरंच आहे, पण श्वास घेण्यासाठी थांबतो, चाल भरभर झालेली असते म्हणून. ती दार उघडेल आणि मला घटकाभर तू दिसशील, एवढ्यासाठी मी सहाला शिफ्ट सुटल्यावर चहालाही थांबत नाही. आणि हे आता मी तिला सांगू शकत नाही. आज नाही, ती गेल्यावर नाही, ती पहिल्या सुट्टीत आली तरी नाही. सांगितलं तर ती परत येईल. तू ओळखतेस तिला.

आज शनिवार. बुधवारी संध्याकाळपर्यंत ती तुझ्यासारखी घट्ट तिपेडी वेणी घालायची, पुढे खांद्यावर सोडलेली. गुरुवारी सकाळी माझा चहा घेऊन आली तर केस सगळे वर बांधलेले, वेगळेच, क्लिप लावून. मला वाटलं, उकडत असेल. काल तसेच. आज सकाळी तिने कपाटातून तिचे शाळेतले जुने टी-शर्ट काढले, इतके दिवस अंगावर घ्यायची त्या तुझ्या ओढण्या नीट घड्या करून आत ठेवल्या, आणि मी खोलीत आलो की ती आता तोंड खिडकीकडे करून उभी राहते. दार उघडते तेही माझ्याकडे पाठ करून, 'आइए बाबा' म्हणत आत निघून जाते. मला तू दिसू नयेस म्हणून करते ती हे. मला त्रास होऊ नये म्हणून. अजून सहा दिवस ती या घरात आहे, आणि सहाही दिवस ती मला तुझं तोंड दिसू देणार नाही.

मला तू दिसायला हवी होतीस ग, सुलभा.